डोपिंग, आर्मस्ट्राँग आणि आपला औषधाचा डबा: कोकणातल्या सायकलस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की कोकणात सायकली पडवीत जातात आणि तिकडे टूर द फ्रान्स, ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, सुरू होते. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. बाहेर पाऊस ओतत असतो, पडद्यावर आल्प्सचे घाट चढणं चालू असतं, आणि कोणीतरी विचारतंच, "हे सगळे काहीतरी घेत असतील ना?" मग आर्मस्ट्राँगचा विषय निघतो. चिपळूण, दापोली, रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी अशा ठिकाणच्या सायकलस्वारांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुढचे काही प्रश्न त्याच्याबद्दल आहेत, शेवटचे आपल्याबद्दल. शर्यत तोंडावर आली असेल तर शेवटचे आधी वाचा.

आर्मस्ट्राँगने नेमकं केलं काय?

१९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलस्वाराने टूर द फ्रान्स जिंकली. या सातही वर्षी तो ईपीओ, रक्त भरणं, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसोन यांचा वापर करत होता. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे यूसाडाने, १० ऑक्टोबर २०१२ रोजी सविस्तर निकाल प्रसिद्ध केला. त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या. त्यातले १५ सायकलस्वार, आणि त्यातले ११ त्याच्याच संघातले. १ ऑगस्ट १९९८ पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द झाले आणि आजन्म बंदी लागली. २२ ऑक्टोबरला जागतिक सायकलिंग संघटनेने हा निकाल मान्य केला. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीने घेतलेल्या टीव्ही मुलाखतीत त्याने स्वतः कबुली दिली. सिडनी ऑलिम्पिकचं कांस्यपदकही परत गेलं.

ईपीओ म्हणजे काय? त्याने एवढा फरक कसा पडतो?

ईपीओ, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक आहे. ते अस्थिमज्जेला सांगतं, लाल पेशी बनव. मूत्रपिंड निकामी झालं की हा निरोप जात नाही आणि माणूस पांढराफटक पडतो, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णांना ईपीओचं इंजेक्शन देतात. औषध त्यांच्यासाठी बनलं, १९८९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, आणि पुढच्या काही वर्षांत सायकलिंगच्या संघांत पोचलं.

रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती टक्के आहे याला हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषात ते साधारण ४० ते ५० असतं. सावंतवाडीहून आंबोली चढताना शेवटच्या वळणांवर मांड्या जळतात, कारण स्नायू मागतात तेवढा प्राणवायू रक्त पोचवू शकत नाही. ४२ चं हिमॅटोक्रिट ५० वर नेलं की तीच चढण, तोच वेग, पण जळजळ बऱ्याच उशिरा सुरू होते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रोज असा फायदा मिळाला तर निकालच बदलतो.

धोका रक्त दाट होण्याचा. घामाने पाणी कमी झालेलं, रात्री झोपेत नाडी मंद झालेली, आणि त्यात घट्ट रक्त. गुठळी होऊन हृदय किंवा मेंदूचा पुरवठा बंद पडू शकतो. १९९७ साली संघटनेने पुरुषांना ५० आणि स्त्रियांना ४७ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यावर सापडला की पंधरा दिवस घरी. झालं असं, की तो आकडा बऱ्याच संघांनी उद्दिष्ट म्हणूनच धरला. ४९.५ वर राहायचं, आणि तपासनीस दारात आला की सलाईन लावून रक्त पातळ करायचं.

मग रक्ताच्या पिशव्या कुठून आल्या?

२००० च्या सुमारास लघवीतून ईपीओ ओळखणारी चाचणी आली. मग स्वतःचंच रक्त शर्यतीच्या काही आठवडे आधी काढून थंड जागी ठेवायचं आणि शर्यतीच्या मध्यावर परत भरायचं, ही जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. टूरमध्ये दिवस जातील तसं हिमॅटोक्रिट आपोआप उतरतं, त्याच वेळी पिशवी चढवली जाई. स्वतःचंच रक्त, त्यामुळे परकं असं काही सापडत नाही.

चुकतं ते साठवणीत. रक्तपेढीत पिशवीचं तापमान, तारीख, नाव यावर सतत लक्ष असतं. हॉटेलच्या खोलीतल्या फ्रिजला यातलं काही नसतं. २०११ मध्ये रिकार्डो रिक्को हा इटालियन सायकलस्वार स्वतःचंच साठवलेलं रक्त भरून मरता मरता वाचला. २००४ मध्ये टायलर हॅमिल्टनच्या रक्तात दुसऱ्या माणसाच्या पेशी सापडल्या.

पकडण्याचा मार्ग निघाला तो २००८ पासून सुरू झालेल्या जैविक पासपोर्टमुळे. बाहेरून रक्त भरलं की शरीराला वाटतं आता पुरे, आणि ते नव्या पेशी बनवणं कमी करतं. रक्तातल्या कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण घसरतं, हिमोग्लोबिन मात्र वर. हे दोन आकडे वर्षानुवर्षं नोंदवून त्याच माणसाच्या आधीच्या आकड्यांशी ताडले की गडबड दिसते. औषध सापडायची गरज उरत नाही.

"पाचशे चाचण्या दिल्या, एकदाही सापडलो नाही" असं आर्मस्ट्राँग म्हणायचा. मग?

यूसाडाच्या मते चाचण्या त्याहून खूपच कमी झाल्या होत्या. आणि "एकदाही नाही" हेही खरं नाही. १९९९ च्या टूरमध्येच कॉर्टिकोस्टेरॉइड सापडलं होतं. तेव्हा बसून बसून झालेल्या फोडावरच्या मलमाची मागच्या तारखेची चिठ्ठी दाखवून प्रकरण मिटवलं गेलं. त्याच वर्षीचे जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले तेव्हा सहांमध्ये ईपीओ निघालं, हे २००५ साली फ्रेंच वृत्तपत्राने छापलं. चाचणीत न सापडणं म्हणजे इतकंच, की त्या दिवशी, त्या नमुन्यात, तेव्हाच्या यंत्राला काही दिसलं नाही.

सगळेच घेत होते. मग एकट्यालाच फाशी का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि प्रामाणिकपणे येतो. १९९९ ते २००५ मधले दुसऱ्या क्रमांकाचे पाहा: त्सूले, उलरिश, बेलोकी, क्लोडेन, बास्सो. बहुतेकांची नावं कुठल्या ना कुठल्या डोपिंग प्रकरणात आली. उलरिशने पुढे कबूल केलं, बास्सोवर दोन वर्षांची बंदी लागली. म्हणूनच ती सात विजेतेपदं कोणालाच दिली नाहीत. यादीत त्या सात ओळी रिकाम्या आहेत.

पण "सगळेच घेत होते म्हणजे बरोबरीचा सामना होता" हे खरं नाही. ज्याचं हिमॅटोक्रिट जन्मतः ४१ आहे त्याला ५० पर्यंत नऊ अंकांची जागा मिळते. ज्याचं ४८ आहे त्याला दोनच. म्हणजे जास्त फायदा त्याचा, ज्याला निसर्गाने कमी दिलं. शिवाय चांगला डॉक्टर पैशाने मिळतो. यूसाडाच्या निकालानुसार आर्मस्ट्राँगने मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरला दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. कनिष्ठ सायकलस्वाराकडे तो डॉक्टर नव्हता, पिशवी नेऊन देणारा माणूस नव्हता. आणि ज्यांनी घ्यायला नकार दिला ते "सगळ्यां"मध्ये मोजलेच जात नाहीत, कारण ते मागे पडले, करार संपला, घरी गेले.

दुसरी गोष्ट. साक्ष देणाऱ्या संघातल्या काही जणांना सहा महिन्यांची बंदी मिळाली. बोलायची तीच संधी आर्मस्ट्राँगलाही दिली होती, असं यूसाडाने म्हटलं आहे. त्याने ती घेतली नाही.

त्याचा सर्वांत मोठा गुन्हा कोणता?

आमच्या मते औषध हा नव्हे.

रायगड-रत्नागिरीत कोणाला "वाळीत टाकणं" समजावून सांगावं लागत नाही. पाणी बंद, बोलणं बंद, लग्नाला यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. त्याविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, इतकं ते मुरलेलं होतं. सायकलिंगच्या जथ्यात नेमकं हेच चालायचं. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासाँ हा तरुण फ्रेंच सायकलस्वार वर्तमानपत्रात लिहीत होता, की औषधाशिवाय असा वेग शक्य नाही. कोणी त्याच्याशी बोलेना. आल्प द्युएझच्या टप्प्यात पहिल्या क्रमांकाची पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग सायकल त्याच्या बाजूला घेऊन आला आणि असं बोलायचं असेल तर निघून जा, अशा अर्थाचं सुनावलं. थोड्याच दिवसांत बासाँने शर्यत सोडली. २००४ मध्ये फिलिप्पो सिमेओनी या, फेरारीविरुद्ध साक्ष दिलेल्या, खेळाडूने आघाडीच्या गटात जायचा प्रयत्न केला. आर्मस्ट्राँग पहिल्या क्रमांकावर निवांत होता, सिमेओनीपासून त्याला कसलाच धोका नव्हता. तरी तो स्वतः पाठलाग करत गेला, त्याला परत जथ्यात आणलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून ओठांची चेन लावल्याची खूण केली.

एमा ओ'रायली ही संघाची मालिश करणारी. त्या मागच्या तारखेच्या चिठ्ठीची गोष्ट तिने सांगितली, तर तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला आणि तिला कोर्टात खेचलं. बेट्सी आंद्र्यू ही संघातल्या एका सायकलस्वाराची बायको. १९९६ साली, कर्करोगाच्या उपचारावेळी, रुग्णालयात स्वतःच्या कानांनी ऐकलेली त्याची औषधं घेतल्याची कबुली तिने शपथेवर सांगितली. तिला वर्षानुवर्षं खोटारडी, मत्सरी म्हटलं गेलं. त्याच्यावर संशय घेणारा मजकूर छापला म्हणून लंडनच्या संडे टाइम्सला २००६ मध्ये तीन लाख पौंड मोजून तडजोड करावी लागली. ही सगळी माणसं खरं बोलत होती.

म्हणून कोणी "माफ करावं का?" विचारलं की आम्ही दोन हिशेब वेगळे ठेवतो. औषध घेऊन जिंकला तो खेळाचा गुन्हा. त्याची शिक्षा निकाल पुसून झाली. माणसांना मोडलं तो हिशेब त्या माणसांशी आहे, आणि तो मिटवायचा अधिकार त्यांचाच. २०१३ च्या अखेरीस त्याने बासाँची आणि ओ'रायलीची भेट घेऊन माफी मागितली. रुग्णालयातल्या प्रसंगाबद्दल मात्र ओप्रासमोर बोलायचं त्याने टाळलं. तेव्हा बेट्सीच्या वतीने आपण इथे बसून माफ करून टाकणं हे तिच्यावर अन्यायाचंच होईल.

त्याचा कर्करोग खरा होता का?

हो. ऑक्टोबर १९९६ मध्ये वृषणाच्या कर्करोगाचं निदान झालं, तेव्हा तो फुप्फुसात आणि मेंदूत पसरलेला होता. शस्त्रक्रिया, केमो, सगळं खरं. कर्करुग्णांसाठीच्या त्याच्या संस्थेची मदत आणि तिचे मनगटावरचे पिवळे बँड यांनी रुग्णांना आधार दिला, तोही खरा. एखाद्या केमो घेणाऱ्याला त्याच्या आत्मचरित्रातून, त्या बँडमधून बळ मिळालं असेल तर ते परत करायची काही गरज नाही. फक्त त्या पुण्याईवर टूरचे सात विजय पावन होत नाहीत. तो आजाराचं नाव ढाल म्हणून पुढे करायचा, ही बाब रुग्णांनाही दुखवणारी होती.

बियार्ने रीसचं नाव विजेत्यांच्या यादीत आहे, आर्मस्ट्राँगचं नाही. हा कसला न्याय?

१९९६ ची टूर जिंकलेल्या रीसने तेव्हा ईपीओ घेतल्याची कबुली २००७ मध्ये दिली. तेव्हा कारवाईची आठ वर्षांची मुदत संपली होती. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत यूसाडाने म्हटलं, की त्याने खोट्या शपथा आणि दबाव यांनी सत्य लपवलं, म्हणून मुदतीचा फायदा त्याला नाही. आज ही मुदत दहा वर्षं आहे. तरी हा न्याय असमान दिसतो, हे मान्य.

पँतानीला लोक अजून का रडतात?

कारण मार्को पँतानी हा इटालियन सायकलस्वार एकटा मेला. ५ जून १९९९ रोजी जिरो द'इतालिया ही इटलीची मोठी शर्यत जिंकायला दोनच दिवस असताना मादोन्ना दी काम्पील्यो इथे त्याचं हिमॅटोक्रिट ५२ निघालं, त्याला शर्यतीतून काढलं. तिथून तो सावरलाच नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीतल्या हॉटेलच्या खोलीत कोकेनमुळे गेला, वय ३४. औषध देणारे डॉक्टर, बघून न बघितल्यासारखं करणारे मालक आपापल्या घरी होते.

आजचे सायकलस्वार स्वच्छ आहेत का?

छातीठोकपणे हो म्हणता येत नाही. पासपोर्ट, रात्री-अपरात्रीच्या चाचण्या आणि दहा वर्षं जपलेले नमुने यांमुळे ९० च्या दशकासारखी मोकळीक उरलेली नाही. अनेक घाटांतले आजचे वेग मात्र तेव्हापेक्षाही जास्त आहेत. त्याची खरी कारणंही आहेत: तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पचवायची सवय, हवेला कमी अडणाऱ्या सायकली, रुंद टायर. वेग बघून कोणाला चोर म्हणू नका, आणि हसरा चेहरा बघून साधूही म्हणू नका.

सायकलमध्ये मोटर लपवतात म्हणे?

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकदा सिद्ध झालं आहे. जानेवारी २०१६, बेल्जियमच्या फेम्के व्हान डेन ड्रिशच्या सायकलच्या नळीत मोटर सापडली. सहा वर्षांची बंदी. आता शर्यतीत चुंबकीय तपासणी आणि एक्स-रे होतात.

आम्ही हौशी. आम्हाला हे नियम कशाला?

मान्यताप्राप्त महासंघाच्या शर्यतीत नंबर लावला की नाडाचा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा, अधिकारी तुमचा नमुना घेऊ शकतो. त्यासाठी २०२२ मध्ये कायदाही झाला. जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला गेलेली पोरं अडकतात ती बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातल्या किंवा जिममधल्या बाटलीमुळे.

शर्यतीनंतर अशक्तपणा आला, डॉक्टरांनी सलाईन लावली. चालतं का?

आपल्याकडे ताप आला, चक्कर आली, की "एक बाटली लावून घ्या". खेळाडूसाठी हा थेट नियमभंग ठरू शकतो. बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं बंद आहे, आणि साधी बाटली ५०० मिलीची असते. आत नुसतं मीठपाणी असलं तरीही. कारण तेच, रक्त पातळ करून आकडे लपवता येतात. खरंच रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, शस्त्रक्रिया झाली, तर सूट आहे, कागदपत्रं जपा. जीव धोक्यात असेल तर सलाईन घ्या, नियमाचा विचार नंतर.

बाटलीपर्यंत वेळ येऊ नये म्हणून: कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तो किती गेला कळत नाही. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ उतरून उलटी, डोकेदुखी, भ्रम होतो. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरला एक. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर ते इतकं तीव्र होतं की पोट बिघडतं. कोकम सरबतात मीठ आणि साखर दोन्ही घाला.

कुठली औषधं घातक?

खोकल्याची बाटली पहिली. आपल्याकडच्या कित्येक कफ सिरपांच्या मागे बारीक अक्षरात "टर्ब्युटालिन सल्फेट १.२५ मिग्रॅ" किंवा "लेवोसाल्ब्युटामॉल" असतं. पोटातून घेतलेली ही दोन्ही बारा महिने बंद आहेत.

दम्याचा पंप चालतो, पण मोजून. साल्ब्युटामॉलची २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० ची मर्यादा आहे. १०० चा एक झटका धरला तर ८ तासांत सहा. दवाखान्यात नेब्युलायझर लावला तर एका वेळी २.५ मिलीग्रॅम जातं, म्हणजे मर्यादा लगेच ओलांडली.

पंचेचाळिशीपुढच्यांनी रक्तदाबाची गोळी उलटून बघावी. टेल्मिसार्टन एकटं चालतं. त्याच्यासोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर बंद, कारण ती लघवी वाढवून इतर औषधं लपवतात. इन्सुलिनला आधी परवानगी लागते, मेटफॉर्मिनला नाही. अंगदुखीला पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक चालतं, मात्र घाम गाळत असताना डायक्लोफिनॅक मूत्रपिंडावर येतं. ट्रॅमाडॉल २०२४ पासून शर्यतीत बंद. स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन शर्यतीच्या काळात बंद. ट्रायॲमसिनोलोन स्नायूत घेतलं असेल तर ते अंगातून जायला ६० दिवस धरावेत. आणि जिममध्ये मिळणारं मेफेंटरमिन इंजेक्शन: हातही लावू नका, ते हृदय बंद पाडू शकतं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चटकन गुण देतात तेव्हाच संशय घ्या. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. "आयुर्वेदिक आहे" हे उत्तर सुनावणीत चालत नाही. शिमग्याची भांग शर्यतीच्या नमुन्यात दिसू शकते. कॉफी, चहा खुशाल प्या.

बंद यादी दर १ जानेवारीला बदलते. गरजेचं औषध बंद यादीत असेल तर नाडाकडे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज शर्यतीच्या किमान ३० दिवस आधी करावा.

नमुना घेताना काय होतं?

अधिकारी ओळखपत्र दाखवून कळवतो. त्या क्षणापासून तुम्ही त्याच्या नजरेआड जायचं नाही. सोबत माणूस नेता येतो. किट तुम्ही स्वतः निवडायचं, सील आणि आकडा तपासायचा. लघवी किमान ९० मिली लागते आणि ती अधिकाऱ्यासमोर द्यावी लागते. पुरेशी नसेल तर ती सील करून पुन्हा वाट बघतात. घाबरून दोन-तीन लिटर पाणी पिऊ नका. नमुना पातळ निघाला की दुसरा द्यावा लागतो आणि तास जातात. 'ए' आणि 'बी' बाटल्यांत तुम्हीच ओतायचं, झाकण कटकट आवाज थांबेपर्यंत फिरवायचं, मग बाटली उलटी करून गळत नाही ना हे बघायचं. फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली सगळी औषधं लिहा, अगदी डोळ्यातले थेंबही. सही करण्याआधी बाटलीवरचा आणि कागदावरचा आकडा जुळवा, आणि आपली प्रत घेऊनच निघा.

उद्या शर्यत आहे आणि काल रात्री खोकल्याचं औषध घेतलं. आता?

बाटली फेकू नका. मागच्या लेबलचा, बॅच नंबरचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढा. लेबलवर टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल किंवा लेवोसाल्ब्युटामॉल दिसलं तर उद्या उतरू नका. हौशी गटाला सवलतीचा अर्ज नंतर करता येतो, पण साध्या खोकल्यासाठी दुसरी चालणारी औषधं असताना तो मंजूर होणं कठीण. यातलं काहीच नसेल तर लेबलवरचं बाकी प्रत्येक नाव नाडाच्या औषध तपासणीच्या ॲपमध्ये घालून बघा, आणि उतरलात तर फॉर्मवर औषधाचं नाव लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगा की मी खेळाडू आहे, टर्ब्युटालिन नको. नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप चालतं, आणि ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.